चमचाभर पाला

आमच्या मोगऱ्याला किशनतात्यांनी एकदा भर गल्लीत दम दिला होता. मोगरा ओट्यावर, तात्या रस्त्यात आणि मधे मी, हातात कात्री घेऊन.

"मागल्या गुरवारी खाल्लंस. त्याच्या मागल्या गुरवारी खाल्लंस. आन् कळी कुटं हाय? फुकट परवास करायलास का रं?"

मोगरा काय बोलणार? तात्यांनी खांद्यावरच्या चामडी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, त्यातली हिरवट भुकटी एक चमचा भरून कुंडीत भुरभुरली, काडीने माती वरखाली केली आणि मला म्हणाले, "पाणी घाल माय. बेतानं घाल. लय लाडावून ठेवलंय तुमी ह्याला." मग चमच्याने डब्यावर दोनदा ठोकलं, टिंग टिंग, आणि पुढच्या दाराला गेले.

किशनतात्या म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. गंगाखेड-पालम ही त्यांची लाइन. आयुष्य त्या रस्त्यावर गेलं आणि रिटायर झाल्यावरही ते गाडीतून उतरलेच नाहीत. त्यांच्या हिशेबाने आमची गल्ली हीच गाडी, प्रत्येक घराचं दार हा एक स्टॉप आणि कुंड्यांतली झाडं हे पाशिंजर. दारात आले की डब्यावर एक ठोका. एक घंटी म्हणजे थांबा. काम झालं की दोन ठोके. दोन घंट्या, कंडक्टरच्या भाषेत 'डबल', म्हणजे चला. गल्लीतल्या शेंबड्या पोरांनासुद्धा हे पाठ आहे.

मी घरी ब्लाऊज शिवते. शिलाई मशीन दाराशीच, त्यामुळे गल्लीतून मांजर गेलं तरी मला कळतं. शिवाय गल्लीतल्या एकूण एक बाईचं माप माझ्याकडे आहे, अंगाचं आणि स्वभावाचंही. पण तात्यांचं माप घ्यायला मला फार वेळ लागला, हे कबूल करते.

त्या डब्यात काय असायचं? नुसता पाला. तात्यांच्या घरामागे हातभर जागा आहे. त्यात तुळस, पुदिना, शेपू, ओवा, गवती चहा आणि कोपऱ्यात एक शेवगा. ही सगळी त्यांच्या बायकोने, इंदूकाकूंनी लावलेली. काकू गेल्या, झाडं राहिली. एकट्या माणसाला किती शेपू लागणार? पण टाकून देणं तात्यांच्या स्वभावात नाही. पाला जास्त झाला की खुडायचा, धुवायचा, सावलीत बाजेवर जुनं धोतर अंथरून त्यावर वाळवायचा, हाताने चुरायचा आणि डब्यात भरायचा. वर कडुलिंबाची वाळकी पानं, म्हणजे कीड लागत नाही. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, जेव्हा कुंड्यांना खाऊ लागेल तेव्हा हा डबा उघडायचा.

"उन्हात कामून वाळवत न्हाईत तात्या? आपल्याकडं उन्हाला काय तोटा?" मी एकदा विचारलं. परभणी जिल्ह्यातलं ऊन म्हणजे छतावर ठेवलेला पापड उलटायला जावं तर आपणच भाजून येतो.

"उनात पाला वाळत न्हाई, जळतो," तात्या म्हणाले. "सावलीत धीरानं वाळला तर त्याच्यातला जीव त्याच्यातच ऱ्हातो. वाळलं म्हंजी मेलं न्हाई, माय. वाळलं म्हंजी थांबलं. पाणी मिळालं की पुन्हा चाललं."

पाला वाळला की नाही हे बघायची त्यांची रीत पण न्यारी. पान कानाजवळ नेऊन चुरायचं. "कुर्र म्हणलं तर टाक डब्यात. गप बसलं तर ओलं हाय, राहू दे अजून. ओला पाशिंजर आत घेतला की आख्खी गाडी बुरशी धरती." मग डब्याचं झाकण लावून त्यावर एक बुक्की मारायची. ही बुक्की कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दार नीट लागलं का बघत असतील.

आणि गर्व तर विचारू नका. पाल्याचा डबा ते असा उघडत, जसा एखादा सराफ मखमली पेटी उघडतो. "वास घे. घे की! ह्यो पुदिना दिवाळीचा हाय. सांग बरं, वाटतंय का?" नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. "खताचं खत आन् खाल्लं तर माणसाच्या पण अंगी लागंल, असा माल हाय ह्यो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या वाक्याने पुढे आमच्याच घरात काय गोंधळ घातला ते सांगतेच.

तात्यांची दुसरी फुशारकी नोकरीतली. "माझ्या गाडीनं एकबी पाशिंजर फाट्यावर सोडला न्हाई. गाडी खच्चून भरू द्या, म्या म्हणायचा, पुढं सरका, जागा हाय! आन् जागा व्हायचीच. जागा असत न्हाई माय, करावी लागती." गल्लीत लग्न असो, मयत असो, नळाची रांग असो, तात्या मागून ओरडणारच, "पुढं सरका, जागा हाय!" मयतीत ते जरा विचित्र वाटायचं, पण सवयीने कुणी मनावर घेत नसे.

आता गल्लीची एकच तक्रार होती. तात्या चिक्कू.

म्हणजे चहापाण्याला चिक्कू नव्हेत. कुणाचं लेकरू आजारी पडलं तर रिक्षाच्या पुढे धावणारा माणूस. पण पाला द्यायचा तर एक चमचा. फक्त एक. गुरुवारी स्वतः येणार, स्वतःच्या हाताने घालणार. आपण घरी नसलो तर कागदाच्या पुडीत चमचाभर पाला आणि वर कडुलिंबाचं एक पान बांधून दाराच्या कडीला अडकवून जाणार. "तात्या, एक डबाच द्या की भरून, तुमची पायपीट वाचंल," असं कुणी म्हणालं की ते ऐकू न आल्यासारखं करत आणि टिंग टिंग वाजवून पुढे निघत.

समोरच्या सय्यदचाची कपाळाला हात लावून म्हणायच्या, "क्या आदमी है! सोना बाँटता क्या, पाला बाँटता?" वाघमारेबाई म्हणायच्या, "डब्यावर डबे भरून ठेवलेत. वर घेऊन जाणार हायत का?" आणि आमचे हे तर त्याहून वैतागलेले. कारण आमच्या यांचं खताचं दुकान आहे. दुकानात पोत्यांची थप्पी आणि घरी दर गुरुवारी चमचाभर खत घेऊन येणारा माणूस! गिऱ्हाईक थट्टा करायचे, "शेठ, तुमच्याच घरी खत उधार येतंय म्हणं?"

पण त्या पाल्याने कुंड्या हिरव्यागार व्हायच्या, हे यांनाही दिसत होतं. वाघमारेबाईंचा कढीपत्ता छपराला टेकला होता आणि चाचींच्या मेंदीची पानं मागायला मोंढ्याकडच्या बायका यायच्या. म्हणून मग यांनी डोकं चालवलं. आम्ही घरी नसलो की कडीला पुडी अडकवलेली असतेच. मग गुरुवारी दार लावून आतच बसायचं. पुडी आली की काढून घ्यायची. झाडाला घालायची नाही, साठवायची. डबा भरला की दुकानात ठेवून बघायचं, गिऱ्हाईक घेतं का. हे उद्योग मला न सांगता चालले होते. मी त्या दिवसांत लग्नसराईच्या ब्लाऊजांत मानेपर्यंत बुडालेली, गुरुवारी तर शिवलेले ब्लाऊज पोचवायला बाहेरच, आणि मोगऱ्याला कळी का येईना याचं कारण हे असं आमच्याच माळ्यावर होतं.

बरं, डबा कुठला घ्यावा? घरातला मोकळा झालेला येसराचा डबा. येसर आमच्याकडे घरोघरी असतं. धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. पाहुणा दारात दिसला की पाण्यात कालवून फोडणीत सोडायचं, आमटी तयार. डब्यावर माझ्याच हाताने खडूने लिहिलेलं 'येसर'. यांनी ते पुसायचे कष्टही घेतले नाहीत.

आणि मानवतच्या वन्सं आल्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आल्या की स्वयंपाकघराचा ताबा घेतात. "तू शिव गं, मी बघते," असं म्हणून त्यांनी माळ्यावरचा डबा काढला, चांगलं भांडंभर येसर कालवलं, लसणाची फोडणी दिली. वास काही वेगळाच सुटला, पण मला वाटलं, मानवतची पद्धत असेल.

तो दिवस गुरुवार. पानं वाढली आणि दारात एक ठोका. टिंग.

वन्संनी आतूनच हाक मारली, "या किशनभाऊ, पान वाढलंय. बसा." तात्या नको नको म्हणत बसले. भाकरी चुरली, आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे बघतोय. यांचा घास तोंडात फिरायलाय, खाली जाईना.

"मेथी जळली का काय गं?" वन्सं म्हणाल्या. "कडू कशानं लागायलंय?"

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. "शेपू," ते म्हणाले. "पुदिना, दिवाळीचा. ओवा. गवती चहा. आन् कडू लागतोय त्यो कडुलिंब. वरची पानं काडून टाकायची असत्यात, ताई."

वन्संनी ताट दूर सारलं. यांच्या कपाळाला घाम. मला सगळा प्रकार एका क्षणात लक्षात आला आणि हसू असं फुटलं की ठसका लागला. तात्याही हसले. "म्या म्हणलंच व्हतं, माणसाच्या पण अंगी लागंल!" म्हणून त्यांनी अभिमानाने आणखी एक घास घेतला. पण मग हात थांबला.

"म्हंजी झाडाला घातलाच न्हाई?" ते हळूच म्हणाले.

हे चपापले, पण दुकानदार माणूस, अडचणीतूनही सौदा काढणार. "तात्या, राग मानू नका. चमच्या चमच्यानं कुटवर द्यायचं? आता जेवायला बसलाव तर सांगूनच टाका, कसं वाळवायचं, कसं ठिवायचं. आमचं आमी करून घेतो."

आमच्याकडे ताटावर बसलेल्या माणसाने काही मागितलं तर द्यावं आणि ज्याच्या ताटावर बसलो त्याने मागितलं तर नाही म्हणू नये. अन्नाचा मान असतो. तात्यांनी ताटाकडे बघितलं, आमटीकडे बघितलं, आणि सगळं सांगितलं. सावली, बाज, धोतर, कुर्र, कडुलिंब. काही राखलं नाही. उठले, हात धुतले आणि दोन ठोके न मारताच गेले. हसण्याच्या भरात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यांनी ती कृती दुकानातून, पारावरून, चहाच्या टपरीवरून अशी वाटली की पंधरवड्यात आख्ख्या गल्लीत बाजा बाहेर आल्या. ज्याच्या त्याच्या पडवीत पाला. ज्याच्या त्याच्या कानाशी पान. "कुर्र म्हणलं का गं?" "न्हाई, गपच हाय." वाघमारेबाईंनी तर मेथीच्या जुड्या मुद्दाम जास्त आणून वाळवल्या. आणि सांगायला हरकत नाही, पाला सगळ्यांचा झकास वाळला. माझाही. डबा उघडला की शिवता शिवता वास यायचा आणि माझा मलाच कौतुकाने ऊर भरून यायचा.

तात्या दोन-तीन गुरुवार आले. एक ठोका मारायचे. आतून आवाज यायचा, "झालं तात्या! आमचं आमी घातलं!" चाचींनी तर दार न उघडताच सांगितलं. तात्या म्हणायचे, "बरं बरं, छान," आणि टिंग टिंग. मी मशीनवरून बघायची. पूर्वी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला त्यांना दुपार व्हायची. आता चहा उकळेपर्यंत गाडी डेपोत परत.

मग एका गुरुवारी तात्या आलेच नाहीत.

मला हातातलं काज करवेना. ऊठसूट रस्त्याकडे नजर. शेवटी माझा पाल्याचा डबा उचलला, दाखवायचं निमित्त करून त्यांच्याकडे गेले. दार ढकललेलं होतं. तात्या बाजेवर बसून पाला चुरत होते. भिंतीला डबे, खिडकीत डबे, काकूंच्या फोटोखालच्या फळीवर डबे. खाकी सदरा खुंटीला, चामडी पिशवी त्याच्याच खाली.

"तब्येत बरी हाय ना तात्या?"

"मला काय धाड भरलीय? बस."

मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, चिमूट कानाशी नेली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्यापरीस हिरवा वाळलाय, माय. शाब्बास." खोटं नव्हतं ते, त्यांच्या तोंडावर खरंच कौतुक होतं. म्हणून मला जास्तच कसंतरी झालं.

"तात्या, एक विचारू? इतके डबे भरलेले असताना तुमी चमचाच कामून द्यायचाव? गल्ली तुमाला चिक्कू म्हणायची."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. चुरायचं काम थांबलं नाही. "तीस-बत्तीस वर्सं माणसात काडली म्या. सकाळपासून अंधार पडंपर्यंत माणसंच माणसं. कुणी भांडायचं, कुणी सुट्टे मागायचं, कुणी लेकराला धरा म्हणायचं. रिटायर झालो तवा ही व्हती. ही गेली, आन् मग आसं झालं, की दिसभर कुणी 'तात्या' म्हणायचं न्हाई. पोरगा पुण्याला ये म्हणतो. जाऊन आलो. तिथं दाराला काचंचा डोळा असतो, आतून बगत्यात आन् मग उघडत न्हाईत. इथं गल्ली तर हाय. पण उगंच कुणाच्या दारात कसं जावं? माणूस विचारतंच, काय काम काडलंव तात्या? मला काम पायजे व्हतं, माय. डबा दिला की दार लागलं. चमचा दिला की पुढच्या गुरवारी परत उघडतं."

एवढं बोलून त्यांनी एक पान कानाशी नेलं. मीही एक पान उचलून चुरायला घेतलं. बोलले असते तर रडले असते, आणि तात्यांना रडकी माणसं आवडत नाहीत. घरी येताना माझा डबा मी तिथेच विसरले.

पुढे काय करायचं ते मी ठरवलं असं म्हणणार नाही. मी फक्त वाघमारेबाईंचं माप घेताना त्यांना सांगितलं. चाची सलवार उसवून घ्यायला आल्या, त्यांना सांगितलं. चाची बराच वेळ टेप गुंडाळत बसल्या आणि म्हणाल्या, "मैंने तो दरवाजा भी नहीं खोली थी, उज्ज्वला." रात्री जेवताना यांना सांगितलं. येसराची आमटी होती, खरी.

गुरुवारी सकाळी यांनी दुकानातला पोत्यांचा हातगाडा आणला आणि आमचा मोगरा त्यावर चढवला. मी म्हटलं, एवढीशी कुंडी, हातात घेऊन जाऊ. तर म्हणाले, "न्हाई. पाशिंजर गाडीतच जाईल." वाघमारेबाईंचा कढीपत्ता जागचा हलणारा नव्हता, म्हणून त्यांनी त्याच्या शेजारची तुळस आणली. चाचींनी मेंदी कमरेवर घेतली, लेकरू घेतात तशी. कुणी कोरफड, कुणी गुलाब, कुणी नुसताच पिचका मनीप्लँट बाटलीसकट. बघता बघता तात्यांच्या दारापुढे रस्ता भरला. एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

तात्या बनियनवर बाहेर आले. "ह्ये काय हाय?"

चाचींनी मेंदी ओट्यावर टेकवली. "पाशिंजर हाय तात्या. फाट्यावर थांबून थांबून बेजार झाले. गाडी आलीच न्हाई, तर डेपोतच आले."

तात्यांनी सगळ्या कुंड्यांवरून एक नजर फिरवली आणि आत गेले. आम्ही एकमेकींकडे बघत उभ्या. वाघमारेबाई कुजबुजल्या, "राग आला का काय?" बराच वेळ झाला. मग तात्या बाहेर आले. अंगात खाकी सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. खांद्याला चामडी पिशवी. डोळे लाल होते, पण आवाज अगदी पालमच्या स्टँडवरचा.

"पुढं सरका! पुढं सरका, जागा हाय!"

ओटा भरला, पायऱ्या भरल्या, पडवी भरली. जागा झाली. तात्यांनी डब्यावर एक ठोका मारला आणि एकेका कुंडीसमोर बसले. एक चमचा. काडीने माती वरखाली. मग त्या झाडाची विचारपूस, मग झाडाच्या मालकिणीची. आमच्या मोगऱ्यापाशी आले तेव्हा त्याला अजूनही कळी नव्हती. "ह्ये बगा," ते यांना म्हणाले, "ह्याचं उपाशी ऱ्हायलेलं सगळं भरून निघाया टाइम लागंल. सारखं आणावं लागंल ह्याला." हे म्हणाले, "आणतो की तात्या." खताचा व्यापारी खतासाठी रांगेत उभा आहे, हे बघून मला यांचाही अभिमान वाटला. तसा तो वर्षातून एखाद्या वेळीच वाटतो.

माझा सोडला तर घरी प्रत्येकीच्या डब्यात पाला होता. तात्यांना ते माहीत होतं, आम्हालाही.

सगळ्या कुंड्या झाल्या. चाचींनी आतून चहाचं पातेलं आणलं. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. तात्यांनी पालम लाइनवरचे किस्से सांगितले, ऐकलेलेच. ऊन ओट्यावरून भिंतीवर चढलं. माझे ब्लाऊज पडून होते, यांचं दुकान बंद होतं. शेवटी मीच पदर खोचून उठायला लागले.

तात्यांनी चमचा डब्यात ठेवला, झाकण लावलं, वर बुक्की मारली आणि डबा मांडीवर घट्ट धरून बसले.

"कुटं निघालीस? बस खाली," ते म्हणाले. "म्या डबल दिलीय का अजून?"